पत्त्यांची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आहे. वाणी उधारी लिहायला वापरतात तसली. तिच्यात ४११ नावं आहेत. प्रत्येक नावापुढे पत्ता, पिनकोड, वर्गणी कधी भरली आणि कधी संपते. काही पत्ते दोन-तीनदा खोडून नव्याने लिहिलेत: बदली झाली, मुलाकडे राहायला गेले, तिथे करमलं नाही म्हणून परत आले. १९ नावांवर रेघ आहे. ती माणसं आता नाहीत. सांगलीहून गेली १४ वर्षं मी एक चौमासिक काढते आणि माझी पुस्तकंही मीच छापते. या काळात मी जे काही उभं केलं ते पुस्तकांपेक्षा जास्त या वहीत आहे, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत पर्यायी माध्यमांचा इतिहास सांगितला जातो तो लेखकांचा आणि बंडांचा. कोणी काय लिहिलं, कोण कोणावर तुटून पडलं, कोणत्या अंकाची होळी झाली. तो इतिहास खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा वर्गणीचा, टपालाचा आणि पत्त्यांचा आहे, आणि तो कोणी लिहीत नाही. लेखक किती स्वतंत्र आहे हे त्याच्या मजकुराच्या धारेवरून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. मी दुसरं काहीतरी विचारते: त्याचा वाचक कोणाच्या वहीत नोंदलेला आहे? त्याच्या स्वतःच्या, की दुसऱ्या कोणाच्या?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या शेजारची गोष्ट कमी सांगितली जाते. या नव्या पाक्षिकाची जाहिरात रीतसर पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'ला केली गेली आणि 'केसरी'ने ती नाकारली. छापायला बंदी नव्हती. पैसे होते, मजकूर होता, आणि मजकुरामागे डॉ. आंबेडकर होते. अडलं ते असं पत्र निघालंय हे लोकांच्या कानावर जाण्यापाशी. तो रस्ता ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी तो बंद ठेवला. शिवाय ज्यांच्यासाठी हे पत्र होतं त्यांच्यात अक्षरओळख असलेले मोजके, आणि वर्गणी परवडणारे त्याहून मोजके. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडलं.

मग एप्रिल १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आलं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला दोन आठवडेच झाले होते. इतका मोठा माणूस, इतका मोठा लढा, आणि तरी अंकाचे २४ च्या २४ रकाने एकट्याने लिहून काढण्याची वेळ त्यांच्यावर येत होती. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हे शीर्षक मी कित्येक वर्षं मनात घोळवते आहे. मदत मागणारे संपादक मराठीत खूप झाले. मदतीला ऋण म्हणणारा हा एकच माझ्या पाहण्यात आहे. मदत म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. ऋण म्हटलं की चित्र उलटं होतं: पत्राने तुमच्यासाठी काम केलं, त्याचं देणं तुमच्यावर आहे, आणि ते एका कोणाचं नाही, सगळ्या लोकांचं आहे. आज आम्ही छोटी अंकवाली माणसं वर्गणीची आठवण करून देताना जी ओशाळी भाषा वापरतो, 'जमल्यास', 'सवडीने', 'गैरसमज नसावा', तिच्यापुढे हे वाक्य ठेवून बघावं. मी ठेवलं, आणि आमच्या पत्रातून हे तिन्ही शब्द काढून टाकले.

आपल्या माणसांचं पत्र असलं म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पुरा केला. 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचंच पत्र. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेलं. त्यात 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणं छापून आली आणि पुढची थांबली. मजकूर जहाल होता. जोतीरावांनी आपला संताप लपवला नाही. आता लोखंडे काही लेचेपेचे गृहस्थ नव्हते, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा तो माणूस. तरीही पत्र हातात आलं की माणूस पत्राचा जीव जपायला लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय. एका लेखातली दोन वाक्यं मी एकदा काढली होती. लेखक माझा मित्र होता. 'अंक वाचायला हवा' हे माझं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. त्या मित्राने नंतर मला काही पाठवलं नाही. पर्यायी माध्यम म्हणजे धैर्य असं समीकरण मांडणाऱ्यांनी 'दीनबंधु'ची ही गोष्ट विसरू नये. भीती आपल्याही घरात असते, फक्त तिथे ती जबाबदारीच्या कपड्यात येते.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार सोडायचा नाही म्हणून १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. कर्व्यांच्या विचारांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांच्या महिन्यांबद्दल बोलायचं आहे. २६ वर्षांहून अधिक काळ, दर महिन्याला. समाज अंगावर येत असताना, खिशात फारसं नसताना. १९३४ चा जो खटला बाबासाहेबांनी त्यांच्या बाजूने लढवला, तो उभा राहिला वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. लक्षात घ्या, सरकारला आक्षेपार्ह वाटलं ते वाचक आणि संपादक यांच्यातलं संभाषण. घरात, शेजारी, डॉक्टरलाही विचारता येत नाही असा प्रश्न कोणी तरी कुठल्या तरी गावात रात्री कागदावर लिहितो, पाकिटाला तिकीट लावतो आणि एका माणसाच्या भरवशावर पेटीत टाकतो. हा भरवसा एका अंकाने मिळत नाही. तो महिन्यामागून महिना येणाऱ्या अंकाने मिळतो.

म्हणून साठीच्या दशकातल्या लघुनियतकालिकांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते ऐकून काही जुन्या मित्रांना वाईट वाटतं. त्या चळवळीचं ऋण मी मानते. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइलवर. सायक्लोस्टाइल काय होतं हे आता सांगावं लागतं. आमच्या शाळेच्या कचेरीत ते यंत्र होतं. मेणाचा पातळ कागद टाइपरायटरला रिबन न लावता चढवायचा, अक्षरांचे ठोके थेट मेणावर, चूक झाली तर लाल पातळ रोगणाने बुजवायची, वाळेपर्यंत फुंकर मारायची. मग तो कागद शाईच्या रुळावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. पहिल्या दहा-वीस प्रती काळ्याकुट्ट, मधल्या बऱ्या, शेवटच्या फिकट. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांना येणारा तो वास मला अजून आठवतो. प्रश्नपत्रिका काढायच्या यंत्रावर मराठी कवितेचा सांधा बदलला, याचं मला नवल वाटतं आणि अभिमानही. १९६३ मध्ये अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, त्याच वर्षी मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकणारा त्यांचा तो गाजलेला लेख आला. औरंगाबादेतून 'वाचा', राजा ढाल्यांचं 'येरू', आणखी कितीतरी. १९६७ मध्ये गंगाधर पानतावण्यांनी सुरू केलेलं, पुढे 'अस्मितादर्श' झालेलं त्रैमासिक. यांच्याशिवाय आजची मराठी कविता आणि दलित साहित्य यांची कल्पना करता येत नाही.

पण या अंकांच्या लवकर मरण्याचं आपण जे कौतुक करतो, ते मला मान्य नाही. 'तीनच अंक निघाले, पण काय अंक होते!' असं म्हणताना आपल्या आवाजात एक अभिमान येतो. 'अनियतकालिक' हा शब्दच बिरुदासारखा वापरला गेला. कायद्याच्या बाजूने त्याला अर्थ होता: ठरल्या दिवशी निघणार म्हटलं की नोंदणी आली, कागदपत्रं आली, आणि हातातोंडाची जेमतेम गाठ पडणाऱ्या पोरांना ते नको होतं. वाचकाच्या बाजूने मात्र त्याचा अर्थ एवढाच, की पुढचा अंक येईल की नाही ते आम्हालाही ठाऊक नाही. अंक ओळखीतून ओळखीत गेले. मुंबईत, पुण्यात, औरंगाबादेत ज्यांची ऊठबस होती त्यांना मिळाले. चंदगडच्या किंवा भोकरच्या मास्तराला, त्याने मनीऑर्डर केली असती तरी, कुठे करायची हे कळायला मार्ग नव्हता. आणि दुसरी गोष्ट: 'सत्यकथा' हे प्रस्थापितांचं मासिक ज्यांनी जाळलं त्यांना 'सत्यकथा' हवी होती. ती होती म्हणून बंडाला भिंत होती. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली, भिंत गेली, आणि बंडाने कशावर टेकायचं हे कोणालाच नीट उमगलं नाही. दुसऱ्याला नाकारण्यावर उभं राहिलेलं माध्यम त्या दुसऱ्याच्या आयुष्याइतकंच जगतं. ज्यांनी आपला वाचक स्वतः गोळा केला होता, ते पानतावणे मात्र दरवर्षी मेळावे घेत गावोगावच्या नव्या लेखकांना छापत दशकानुदशकं चालत राहिले.

आणि त्या अंकांच्या अनुक्रमणिकांत बायका कुठे आहेत, हे मी विचारणारच. फार थोड्या आहेत. चळवळ करणाऱ्या पुरुषाच्या घरातली चूल कोण पेटती ठेवत होतं, याचा हिशेब १९८४ मध्ये मलिका अमर शेखांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये मांडला. पर्यायी प्रकाशनाच्या अर्थकारणावरचं ते मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक आहे, असं मी म्हणेन, जरी ते त्या विषयावरचं म्हणून कोणी वाचत नसलं तरी. कुठलाही छोटा अंक कोणाच्या तरी पगारावर चालतो. माझा माझ्या नवऱ्याच्या पगारावर चालला, पहिली सहा वर्षं. हे मी अंकात छापलं, कारण वाचकाला ते माहीत असायला हवं होतं.

ज्यांनी वाचकांची वही आधी केली आणि मग छापलं, त्यांचे दोन दाखले माझ्यासमोर कायम असतात. एक 'ग्रंथाली'. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. सभासदांनी पैसे आधी भरायचे, पुस्तकं नंतर, कमी किमतीत. पुस्तकं गावोगाव न्यायची, प्रदर्शनं मांडायची. या पायावर १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. नव्या लेखकाचं, अनोळखी आयुष्याचं पुस्तक छापताना प्रकाशकाच्या पोटात जो गोळा येतो, तो इथे शेकडो सभासदांनी थोडा थोडा वाटून घेतला होता. धाडस एकट्याचं राहिलं नाही. दुसरा दाखला विद्या बाळ यांचा. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. बाईने स्वतःशी आणि इतरांशी बोलावं म्हणून काढलेलं मासिक, आणि ते महिन्याच्या महिन्याला निघत राहिलं, २०२० मध्ये विद्याताई गेल्यावरही. माझ्या आईच्या कपाटात त्याचे गठ्ठे आहेत. आईने आयुष्यात एकदाच कुठे पत्र छापायला पाठवलं, ते तिथे, आणि त्यावर आलेली उत्तरं तिने साडीच्या घडीत ठेवली.

माझी स्वतःची सुरुवात काही तत्त्वातून झाली नाही. माझं पहिलं पुस्तक एका नामवंत प्रकाशकाने काढलं. ५०० प्रती. पहिल्या वर्षी मानधनाचा धनादेश आला, तीन आकडी. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. तिसऱ्या वर्षी मी फोन केला, तर 'प्रती शिल्लक आहेत' असं उत्तर मिळालं. किती, कुठे, कोणी घेतल्या, हे मला कधी समजलं नाही. पैशांचं दुःख मला तेवढं झालं नाही. ज्यांनी ते पुस्तक विकत घेतलं त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं, याने मी अस्वस्थ झाले. त्या पुस्तकावर पाच वर्षं घातली होती आणि ते कोणाच्या घरी राहतंय याचा मला पत्ता नव्हता.

दुसरं पुस्तक मी स्वतः छापलं. डेमी आकार, १६० पानं, म्हणजे १६ पानी दहा फर्मे. मिरजेतल्या छापखान्याच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांचे वडील खिळे जुळवायचे. काकांनी खिळे वितळवायला दिले, फक्त एक खण ठेवलाय, त्यात जोडाक्षरं आहेत. काकांनी मला फर्मा दुमडायला शिकवलं, हाडाच्या पट्टीने घडी दाबायला शिकवलं. ३०० प्रती, प्रतीला ७० रुपये खर्च, किंमत २००. विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली की माझ्या हाती १२० येतात, म्हणजे छपाई वजा जाता ५०, तेही विकल्यानंतर सहा-आठ महिन्यांनी, पाच फोन केल्यावर. थेट वाचकाला पाठवलं तर २०० आधीच येतात आणि छपाईचा आणि टपालाचा खर्च वजा केला तरी शंभराच्या आसपास राहतात. हिशेब एवढा साधा आहे. छपाई आज इतकी स्वस्त झालीय, की ५० प्रतीही काढता येतात. संगणकाने छपाईचा प्रश्न सोडवला. पोचवण्याचा प्रश्न सोडवायचा राहिलाच.

पोचवणं म्हणजे माझ्यासाठी टपाल कचेरी. पुस्तकांसाठी नोंदणीकृत टपालाची जी स्वस्त सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली. मी त्या आठवड्यात ३७ पाकिटं घेऊन खिडकीवर उभी होते. पलीकडच्या बाईंनी, त्या मला नावाने ओळखतात, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: 'ताई, बघा, तो पर्यायच दिसत नाही आता.' पाकिटं परत पिशवीत भरली. आधी चर्चा नाही, सूचना नाही, एक ओळ पडद्यावरून गेली आणि या देशातल्या प्रत्येक छोट्या प्रकाशकाचा खर्च एका दिवसात वाढला. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा आली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून. पुस्तकांसाठी ती चांगली आहे. ठरावीक काळाने निघणारे अंक मात्र तिच्यात बसत नाहीत. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर परिसंवाद भरतात, त्यांत मीही बोलते. टपालदरांवर एकही परिसंवाद मी पाहिला नाही, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत मराठी वाचकापासून सगळ्यात जास्त मजकूर दूर ठेवला असेल तर तो या दरांनी.

'मग इंटरनेटवर का लिहीत नाही?' हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलीला मुंबई-पुण्यातल्या संपादकांनी उत्तरसुद्धा दिलं नसतं, ती आज मोबाइलवर लिहिते आणि हजारजण वाचतात. पारधी वस्तीतला मुलगा आपल्या भाषेत व्हिडिओ करतो. 'मूकनायक'ला ज्या दारावरून परत फिरावं लागलं ते दार आज नाही. मी हे कधीही कमी लेखणार नाही. मीसुद्धा सहा वर्षं एका मोठ्या समाजमाध्यमावर लिहिलं. नऊ हजार माणसं जोडली गेली होती. एका सकाळी ते पान उघडेना. नियमभंग झाल्याचं एक यांत्रिक वाक्य होतं. कोणता नियम, कोणतं लिखाण, काही नाही. चार अर्ज केले, माणसाशी बोलणं एकदाही झालं नाही. लिखाण गेलं, ते माझ्याकडे कागदावर थोडंफार होतं. पण ती नऊ हजार माणसं कोण होती? मला त्यातली फार तर ६० नावं सांगता आली. बाकीची माझी कधी नव्हतीच. ती त्या कंपनीच्या वहीत होती, आणि ती वही उघडायचा अधिकार मला नव्हता. कंपनीने मला छापखाना फुकट दिला होता आणि त्या बदल्यात पत्ते ठेवून घेतले होते. 'केसरी'ने निदान नाही तरी म्हटलं. इथे आज तुमचा मजकूर कोणापुढे गेला आणि कोणापुढे नाही, हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

कागदही अमर नाही, हे मी जाणते. माझ्या पहिल्या आठ वर्षांचे अंक श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बसवलेले आहेत. त्या फाइल आज युनिकोडमध्ये आणल्या की रफार जागेवर राहत नाही, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, 'ष्ट' आणि 'ष्ठ' एकमेकांत मिसळतात. एक अंक सुधारायला तीन संध्याकाळी जातात. महाराष्ट्रातल्या किती मासिकांचा, किती दिवाळी अंकांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर असा कुलपात पडून असेल! हे काम एकेकट्याने होणारं नाही. साहित्य संस्था संमेलनांवर जो पैसा आणि जीव खर्च करतात, त्यातला थोडा इकडे वळायला हवा, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. ४११ पत्ते म्हणजे शेवटी एक कंपू. आपण आपल्याच माणसांसाठी लिहितो, तेच आपल्याला शाबासकी देतात, आणि बाहेरचं जग आपल्या पाकिटांना शिवतही नाही. यात तथ्य आहे. वहीतली नावं वाचली तर कोणत्या आडनावांची गर्दी आहे ते मला दिसतं. पहिल्या वर्षी तर ती ओळखीपाळखीचीच यादी होती, आणि ओळखपाळख जातीच्या बाहेर फारशी जात नाही. हे बदलायला मला मुद्दाम उठावं लागलं. तालुक्याच्या ग्रंथालयांत गेले. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचं हजारोंचं जाळं उभं राहिलं. त्यातली 'ड' वर्गाची ग्रंथालयं एका खोलीत, एका अर्धवेळ ग्रंथपालावर चालतात. तिथे मी अंक ठेवला आणि वहीत नोंद ठेवली: कोणी नेला, कोणी परत केला. जतच्या बाजूच्या एका ग्रंथपालांनी मला सांगितलं, की अंक सगळ्यात जास्त नेते ती अंगणवाडी सेविका, आणि ती तो तिच्या चौघी मैत्रिणींना वाचून दाखवते. तिचा पत्ता आता वहीत आहे. तिने मागच्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांवर लिहिलेलं टिपण आम्ही छापलं, तिच्याच शब्दांत. यादी कंपू होते की समाज होते, हे यादीच्या लांबीवर अवलंबून नाही. ती कोणाच्या दारापर्यंत चालत गेली यावर आहे.

छोटं असल्याने आपण सुरक्षित आहोत, असा एक समज आमच्यात असतो. तोही खरा नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आली. खासगी वितरणासाठीचं, सभासदांपुरतं पत्रक. त्यावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला मे २०१५ मध्ये, एकवीस वर्षांनी. प्रकाशक आणि मुद्रक यांना वगळलं गेलं, कारण तक्रारीआधीच दिलगिरी छापली होती. कवीने खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. हा निकाल वाचल्यावर मी वहीचा पुठ्ठा उघडून आत माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. संपादक, प्रकाशक आणि पाकिटं चिकटवणारी मीच आहे, तर उत्तर द्यायची वेळ आली तर तेही मीच द्यायचं. ज्याचं लिखाण मी छापेन त्याला एकट्याला पुढे करून मी मागे राहणार नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. वेळ आल्यावर पाय लटपटतील की नाही, ते त्या मित्राच्या दोन वाक्यांनंतर मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढचा अंक ७ तारखेला टाकायचा आहे. टपालखर्चामुळे या वेळी आठ पानं कमी केलीत. कोणता लेख मागे ठेवला आणि का, ते पहिल्या पानावर लिहिलंय. गेल्या खेपेला नऊ पाकिटं परत आली. त्यातली सहा 'स्थलांतर' शेरा मारून, दोन पावसात भिजून पत्ता पुसलेली, आणि एकावर पोस्टमनने पेनाने लिहिलं होतं: 'आजी गेल्या, घर बंद.' त्या आजी पहिल्या अंकापासूनच्या. दर अंक मिळाला की 'अंक पोचला' एवढंच पोस्टकार्ड पाठवायच्या, इतर काही नाही. त्यांच्या भाच्याचा फोन नंबर ग्रंथालयातून मिळालाय. आज संध्याकाळी त्याला फोन करणार आहे. आजींकडचे अंक रद्दीत गेले नसतील तर ते मला हवे आहेत, कारण तिसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या अंकाची एकही प्रत माझ्याकडे नाही.